विश्लेषण : लेखी करार नाही, माल मात्र पोहोचला, थकलेले पैसे वसूल होतात का?

बांधकामाच्या धंद्यात खडी, वाळू, सळई, वीट यांचे लाखोंचे व्यवहार एका फोनवर ठरतात. माल साइटवर उतरतो, चलनावर कोणीतरी सही करतो आणि पैसे ‘पुढच्या बिलावर’ जातात. वाद झाला की पहिला प्रश्न येतो, ‘करार कुठे आहे?’ कायद्यात या प्रश्नाचे उत्तर अनेकांना वाटते त्यापेक्षा वेगळे आहे. मात्र, ते प्रत्येक पुरवठादारासाठी सारखे नाही.

हा प्रश्न आताच का?

राज्य सरकारकडे विविध विभागांची मिळून सुमारे ८९ हजार कोटी रुपयांची देयके थकल्याचा दावा कंत्राटदार संघटनांनी २०२५ मध्ये केला. त्यासाठी राज्यभर आंदोलने झाली, अनेक ठिकाणी कामे बंद ठेवण्यात आली. जुलै २०२५ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात जलजीवन मिशनची कामे करणाऱ्या एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. तेव्हा सरकारकडून अशी भूमिका मांडली गेली की त्याच्या नावावर कामाची नोंद नाही, त्याने उपकंत्राट घेतले असावे.

काम प्रत्यक्ष करणाऱ्याचे नाव सरकारी कागदावर नसते, ही बाब त्यामुळे चव्हाट्यावर आली. निविदा एकाची, काम दुसऱ्याचे, जेसीबी तिसऱ्याचा आणि खडी चौथ्याची, अशी ही साखळी असते. सर्वात वरच्या टप्प्यावर निविदा, करारनामा, मोजमाप पुस्तिका असे सगळे लेखी असते. खाली येता येता कागद कमी होत जातो आणि शेवटच्या टप्प्यावर उरते ती वहीतली नोंद. वरचे देयक अडले की त्याचा सर्वाधिक फटका या शेवटच्या माणसाला बसतो. कंत्राटदार किमान मंत्रालयाच्या दारात आंदोलन तरी करू शकतो. खडीवाल्याला जावे लागते ते कंत्राटदाराच्याच दारात, आणि तिथे बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळते, ‘शेठ, पुढून बिल आलं की पहिला चेक तुमचाच.’

तोंडी व्यवहाराला कायदा करार मानतो?

मानतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १० नुसार सज्ञान व्यक्तींनी स्वेच्छेने, कायदेशीर उद्देशासाठी आणि मोबदल्याच्या बदल्यात केलेला ठराव हा करार असतो. एखाद्या कायद्याने लेखी स्वरूप बंधनकारक केले असेल तरच कागद आवश्यक ठरतो. मालविक्री कायदा, १९३० चे कलम ५ आणखी स्पष्ट आहे. विक्रीचा करार लेखी असू शकतो, तोंडी असू शकतो, थोडा लेखी आणि थोडा तोंडी असू शकतो किंवा दोन्ही पक्षांच्या वागण्यातूनही सिद्ध होऊ शकतो. दोन वर्षे दर आठवड्याला खडीच्या गाड्या येत असतील, उतरवून घेतल्या जात असतील आणि अधूनमधून पैसेही दिले जात असतील, तर तो व्यवहार म्हणजेच करार आहे.

दर ठरलाच नव्हता, असा बचाव झाला तर? याच कायद्याचे कलम ९ सांगते की किंमत ठरलेली नसेल तर खरेदीदाराने वाजवी किंमत द्यायची. वाजवी किती, हे त्या वेळचा त्या भागातील बाजारभाव, त्याच काळात इतरांना दिलेली बिले यांवरून ठरते. दर ठरला नव्हता म्हणून माल फुकट, असा अर्थ कायद्यातून निघत नाही.

त्यापुढे करार कायद्याचे कलम ७० आहे. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले किंवा काही दिले, ते फुकट देण्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई करणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाचा यावरचा १९६२ मधील पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल अँड सन्स हा निकाल आजही आधार म्हणून सांगितला जातो. आरामबाग येथे नागरी पुरवठा विभागाच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून एका कंत्राटदाराने गोदामाचे व इतर बांधकाम केले होते. सरकारी कराराला लागणारी रीतसर कागदपत्रे झालीच नव्हती. त्यामुळे करार वैध नव्हता. तरी सरकारने बांधकाम स्वीकारले आणि वापरले, म्हणून भरपाई द्यावीच लागेल, असे न्यायालयाने म्हटले.

या प्रकरणातून एक अपवादही लक्षात येतो. खासगी व्यक्तींमध्ये तोंडी करार चालतो, सरकारबरोबर चालत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ नुसार राज्य सरकारचा करार राज्यपालांच्या नावाने आणि ठरलेल्या पद्धतीनेच व्हावा लागतो. ‘साहेबांनी तोंडी सांगितले, काम सुरू करा, वर्कऑर्डर मागून देतो’ अशा कामात हातात उरते ते केवळ कलम ७०. तिथे करारातील दर मागता येत नाही, वाजवी भरपाई मागावी लागते. ती ठरवण्यातच अनेक वर्षे जातात.

मग घोडे अडते कुठे?

पुराव्यावर. करार तोंडी असला तरी काय ठरले, किती माल गेला आणि तो कोणी घेतला, हे पैसे मागणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. बांधकाम साहित्याची अडचण अशी की माल वापरला की दिसेनासा होतो. स्लॅबमध्ये गेलेली सळई मोजता येत नाही, परतही नेता येत नाही. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवून ठेवण्याचा हक्क कायदा देतो, पण माल ताब्यात असेपर्यंतच. गाडी साइटवर रिकामी झाली की तो हक्क संपला.

कंत्राटदाराचे बचावही ठरलेले असतात. माल कमी आला, माल हलका होता, दर तो नव्हता, पैसे रोख दिले आणि सर्वात जास्त वापरला जाणारा : ‘ऑर्डर मी दिलीच नव्हती, ती सबवाल्याने दिली.’ या शेवटच्या बचावामुळे अनेक दावे पडतात. फोन मुकादमाने केलेला असतो, चलनावर सही सुपरवायझरची, तीही बऱ्याचदा नुसती रेघ, आणि बिल तिसऱ्याच फर्मच्या नावाने. करार कायद्याच्या कलम २३७ प्रमाणे आपल्या माणसाला अधिकार आहे असा समज मालकाने वागण्यातून निर्माण केला असेल, तर त्या माणसाच्या व्यवहाराला मालक बांधील असतो. म्हणजे त्याच सुपरवायझरच्या सहीवर आलेल्या आधीच्या १० गाड्यांचे पैसे कंत्राटदाराने दिले असतील, तर अकराव्या गाडीला ‘तो माझा माणूस नाही’ म्हणणे सोपे राहत नाही. त्यासाठी त्या आधीच्या १० चलनांची आणि भरण्याची जुळणी मात्र दाखवता यायला हवी.

वजनकाट्याची पावती, गौण खनिजाच्या वाहतुकीचा परवाना, ई-वे बिल हे कागद एरवी तपासणीपुरते सांभाळले जातात आणि मग फेकले जातात. वादात त्यांचे महत्त्व मोठे असते, कारण त्यांवर तारीख, गाडी क्रमांक आणि माल लिहिलेला असतो. दोन पक्षांत वाद होण्यापूर्वी तयार झालेल्या अशा कागदावर न्यायालय अधिक भरवसा ठेवते. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीसाठी एक लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मालालाच ई-वे बिल लागते. खडीच्या एका गाडीची किंमत बहुधा तेवढी नसते, सळईच्या गाडीची असते. त्यामुळे सळईवाल्याकडे हा पुरावा असतो आणि खडीवाल्याकडे नसतो.

जीएसटीचा मागही उपयोगी पडतो. पुरवठादाराने विवरणपत्रात बिल दाखवले की ते कंत्राटदाराच्या खात्यात दिसते. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर ‘इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम’ सुरू आहे. त्यात खरेदीदार बिल स्वीकारू किंवा नाकारू शकतो आणि काहीच केले नाही तर ते स्वीकारले असे धरले जाते. ज्या बिलावर कराची वजावट घेतली, तो मालच मिळाला नाही असे नंतर सांगणे अवघड जाते. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. एका साध्या पत्राने ही आठवण करून दिली की काही थकलेली बिले निघतात, असा व्यापाऱ्यांचा अनुभव आहे. उलट बाजूने पाहिले तर यात अन्यायही आहे. पैसे मिळोत न मिळोत, पुरवठादाराला कर पुढच्या महिन्यात भरावाच लागतो. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तरीही एक लाखाच्या उधारीमागे १८ हजार रुपये विक्रेत्याने आधीच खिशातून भरलेले असतात.

रोख दिल्याचा बचाव मात्र वाटतो तितका भक्कम नाही. पैसे दिले असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे असते. त्यातही एका दिवसात एका व्यक्तीला १० हजार रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च प्राप्तिकरात सामान्यतः मान्य होत नाही. त्यामुळे तीन लाख रोख दिल्याची नोंद कंत्राटदाराच्या स्वतःच्या हिशेबातच बहुधा सापडत नाही.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज चालतात का?

चालतात, पण नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. जुन्या कायद्यातही असे प्रमाणपत्र होते. ते बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ज्या प्रकरणात स्पष्ट केले, ते जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचे होते. खोतकर-गोरंट्याल यांच्यातील त्या राजकीय लढतीने राज्यातल्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या मोबाइलमधील पुराव्याचा नियम पक्का केला.

मूळ मोबाइलच न्यायालयात हजर करून मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज पडत नाही. म्हणून जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकण्यापूर्वी किंवा चॅट आपोआप पुसण्याची सोय चालू करण्यापूर्वी थकबाकी आठवलेली बरी. ‘२० एमएम ३ ब्रास उद्या सकाळी पाठवा, रेट मागचाच’ या एका ओळीत माल, मात्रा, दर आणि मागणी करणारा अशा चारही गोष्टी येतात. फोनवर बोलणे झाल्यावर असा मेसेज टाकायला अर्धा मिनिट पुरतो.

तीन वर्षे मोजायची कधीपासून?

या ठिकाणी सर्वाधिक पैसे बुडतात, आणि तेही समोरच्याने नाकारले म्हणून नव्हे. मुदत कायदा, १९६३ नुसार दाव्यासाठी तीन वर्षे मिळतात. उधारीची मुदत ठरली नसेल तर ती माल दिल्याच्या तारखेपासून मोजली जाते. उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून. मजुरी किंवा कामाचे पैसे असतील तर काम झाल्यापासून. शेवटच्या फोनपासून किंवा शेवटच्या आश्वासनापासून मोजली जात नाही.

‘आमचे खाते चालू आहे, त्यामुळे मुदत जात नाही’ हा व्यापाऱ्यांमधील सार्वत्रिक समज आहे. तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. परस्पर, खुल्या व चालू खात्यासाठी वेगळी तरतूद आहे, पण ‘परस्पर’ याचा अर्थ दोघांचेही एकमेकांवर स्वतंत्र येणे असणे. एक माल देतो आणि दुसरा फक्त पैसे देतो, हे परस्पर खाते नव्हे. धान्यपुरवठ्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे २०२१ मधील खडी आणि २०२४ मधील खडी एकाच वहीत असली, तरी प्रत्येक डिलिव्हरीचे घड्याळ वेगळे चालते.

मुदत पुन्हा सुरू करण्याचे दोन मार्ग आहेत. मुदत संपण्यापूर्वी कंत्राटदाराने सही करून देणे मान्य केले किंवा आपल्या सहीच्या वा हस्ताक्षरातील कागदासह काही रक्कम दिली, तर नवी तीन वर्षे मिळतात. चेक हा सहीचा कागदच असतो. ऑनलाइन भरणा किंवा व्हॉट्सॲपवरची कबुली यांना ‘सही’ मानायचे का, यावर वाद घातला जाऊ शकतो. दरवर्षी ३१ मार्चला शिल्लक रकमेच्या पत्रावर सही-शिक्का घेण्याची जी जुनी पद्धत आहे, तिचा खरा उपयोग हा आहे. ऑडिटसाठी लागते म्हटले की सही सहज मिळते. वाद पेटल्यावर ती मिळत नाही.

करार नसेल तर १५ दिवस, असेल तर ४५?

होय. लेखी कराराशिवाय व्यवहार करणाऱ्या लहान पुरवठादाराच्या बाजूचा सर्वात कडक कायदा हाच आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ (एमएसएमईडी) नुसार सूक्ष्म वा लघु उपक्रमाचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायचे असतात आणि ती तारीख ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काही ठरलेलेच नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत. म्हणजे करार टाळल्याने कंत्राटदाराची मुदत वाढत नाही, घटते. मालाबद्दल तक्रार असेल तर तीही डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी द्यावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असे धरले जाते. ‘खडीत माती होती’ हा सहा महिन्यांनी, बिल मागितल्यावर आठवलेला बचाव इथे लंगडा पडतो.

उशिराचे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने आकारले जाते. बँक रेट ५.५० टक्के धरला तर व्याज १६.५ टक्के होते. एखाद्या क्रशरचालकाचे सहा लाख रुपये वर्षभर थकले तर सुमारे एक लाख सात हजार रुपये व्याज चढते.

वसुलीसाठी सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषदेकडे जाता येते. अर्ज ऑनलाइन होतो. त्यासाठीचे ‘समाधान’ पोर्टल ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाले. आधी सलोख्याचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. एरवी लवादासाठी दोन्ही पक्षांचा लेखी करार लागतो. इथे कायद्यानेच लवाद दिला आहे. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. प्रकरण ९० दिवसांत निकाली काढावे असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात ती मुदत क्वचितच पाळली जाते. जुन्या थकबाकीबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील वीज मंडळाशी संबंधित प्रकरणात स्पष्ट केले की मुदतबाह्य येणे सलोख्यासाठी नेता येते, लवादाला मात्र तीन वर्षांचा नियम लागू राहतो.

प्राप्तिकराचाही दट्ट्या आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेल्या कलम ४३बी(एच) नुसार सूक्ष्म व लघु उपक्रमाचे पैसे वरील १५ किंवा ४५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा होतो. त्यानंतर अनेक कंत्राटदारांच्या लेखापालांनी पुरवठादारांकडे उद्यम प्रमाणपत्रे मागायला सुरुवात केली.

मग सगळेच या कायद्याकडे का जात नाहीत?

कारण तो सगळ्यांसाठी नाही. २ जुलै २०२१ पासून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळू लागली, पण केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. विलंबित देयकाचे संरक्षण त्यांना दिलेले नाही. त्यामुळे स्वतः खडी फोडणारा क्रशरचालक, वीटभट्टीवाला, पेव्हर ब्लॉक बनवणारा या कायद्यात बसतो. सिमेंट-सळईचा डीलर, हार्डवेअरवाला, दुसऱ्याच्या क्रशरवरून खडी आणून विकणारा बसत नाही. दोघांचा माल एकाच स्लॅबमध्ये गेलेला असतो आणि गावोगावच्या साइटवर उधारी देणाऱ्यांत डीलरच मोठ्या संख्येने असतात. हे वर्गीकरण कर्जाच्या सोयीसाठी समजू शकते. थकलेल्या पैशांच्या बाबतीत त्याचे समर्थन करणे कठीण आहे.

साहित्यासह काम करणारा उपकंत्राटदारही अडचणीत येतो. ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे माल आणि काम एकत्र असलेले कंत्राट या कायद्याखाली येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे. नोंदणी कधीची हवी, हाही वाद आहे. व्यवहारानंतर नोंदणी करून मागच्या थकबाकीवर लाभ मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ मधील निकालांत म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या पीठाने वेगळे मत नोंदवून हा प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. नोंदणी मोफत आहे. ती व्यवहाराआधी करून ठेवणाऱ्याला या वादात पडावेच लागत नाही.

पोलिसांत तक्रार दिली तर?

बहुतेक पुरवठादारांची पहिली धाव इथेच असते आणि बहुतेक वेळा ती वाया जाते. पैसे थकवणे हा आपोआप फसवणुकीचा गुन्हा होत नाही. व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच बुडवण्याचा हेतू होता, हे दिसावे लागते. दिल्ली रेस क्लब प्रकरणात घोड्यांचा खुराक पुरवणाऱ्याने सुमारे नऊ लाख रुपये थकल्याची फौजदारी तक्रार केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ती कारवाई रद्द केली. माल विकला म्हणजे मालकी गेली, तिथे विश्वासाने सोपवणे राहत नाही, पैशांसाठी दिवाणी मार्ग आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

चेकची गोष्ट वेगळी. न वटलेल्या चेकबाबत बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी १५ दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार, हा पराक्रम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा क्रम आहे. चेक देणे चुकवण्यासाठीच दिला होता असे कायदा गृहीत धरतो, नाकारायचे तर समोरच्याने सिद्ध करायचे. करार नसलेल्या व्यवहारात चेकला म्हणूनच मोठी किंमत आहे. मात्र, ‘पुढच्या महिन्यात टाका’ म्हणत ३० दिवसांची मुदत घालवणारेही कमी नाहीत. चेकची वैधता शिल्लक असेल तर तो पुन्हा भरून नव्याने नोटीस देता येते. तीही संपली की हा मार्ग बंद.

दिवाणी दाव्याला किती अर्थ?

तीन लाख रुपये व त्यावरील व्यावसायिक वाद वाणिज्यिक न्यायालयात जातात. तातडीचा मनाई आदेश हवा नसेल तर त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थीसाठी जाणे बंधनकारक आहे. ही औपचारिकता म्हणून उरकली जाते, पण लेखी करार नसलेल्या प्रकरणात ती खरोखर उपयोगी ठरू शकते. समोरच्याला नोटीस जाते आणि दोघांचे हिशेब एकदा टेबलावर येतात. रक्कम लहान असेल तर लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण नेता येते, त्याला न्यायालयीन शुल्क नाही.

झटपट निकालाचा ‘समरी’ दावा लेखी करारावर चालतो. सही करून स्वीकारलेल्या बिलांनाही मुंबई उच्च न्यायालयाने या कामासाठी लेखी करार मानले आहे. नुसत्या वहीतील नोंदीवर तो चालत नाही. नियमित ठेवलेली वही पुरावा असते, पण केवळ तिच्यावर विसंबून कोणाला देणेकरी ठरवता येत नाही. दिवाळखोरी संहितेचा धाक हल्ली नोटिशीत घातला जातो. ती कारवाई कंपनी किंवा एलएलपीविरुद्ध, तीही किमान एक कोटीच्या थकबाकीसाठी होते. गावातल्या प्रोप्रायटर कंत्राटदाराला तिचा काही फरक पडत नाही.

‘वरून पैसे आले नाहीत’ हे कारण चालते?

तसे ठरले असेल तरच. ठरले होते हे कंत्राटदाराने सिद्ध करायचे. तोंडी व्यवहारात ते त्यालाच जड जाते, म्हणजे करार नसल्याचा तोटा इथे त्याच्या बाजूला येतो. पुरवठादाराचा करार कंत्राटदाराशी आहे, सरकारशी नाही. म्हणूनच सरकारकडे थेट मागताही येत नाही. आपले नाव नोंदीत नसलेला उपकंत्राटदार याच भिंतीला जाऊन धडकतो.

ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने बांधकाम क्षेत्रात ‘वरून मिळाले तर देईन’ अशी अट सामान्यतः निरर्थक ठरवली. वरचा देणेकरी दिवाळखोर झाला तरच तिला मुभा आहे. वादांच्या जलद निवाड्याची सोयही त्याच कायद्यात आहे. ती सुरुवातीला लेखी करारांपुरती होती, पण कामे तोंडीच चालतात हे लक्षात आल्यावर २००९ मध्ये दुरुस्ती करून लेखीची अट काढली आणि २०११ पासून ती दुरुस्ती लागू झाली. भारतात बांधकाम साखळीतील खालच्या माणसासाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

लहान कंत्राटदाराची कोंडी मात्र खोटी नसते. देयक अडकले असताना मजुरांचा पगार दर शनिवारी द्यावाच लागतो. कधी तोच पुरवठादाराच्या बाजूने अडकतो. सळईसाठी आगाऊ रक्कम दिली, भाव चढला आणि माल आलाच नाही, अशा वेळी दर गोठवल्याचा कागद नसतो. त्याला आगाऊ रक्कम परत मागता येते. चढ्या भावाने दुसरीकडून घ्यावे लागल्याची भरपाई मागायची तर ठरलेला दर सिद्ध करावा लागतो आणि तिथे पुन्हा तोच मेसेज, तेच चलन कामाला येते.

पैसे थकल्यावर पहिले पाऊल कोणते?

आधी तारखांची यादी. प्रत्येक चलनाची तारीख आणि त्यापुढे तीन वर्षांची तारीख लिहिली की कोणते येणे आधी मुदतबाह्य होणार, हे दिसते. त्यानंतर शिल्लक रकमेवर सही किंवा एखादा चेक मिळवण्याचा प्रयत्न, वकिलाच्या नोटिशीआधी. नोटीस गेली की समोरचा सावध होतो आणि वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही करत नाही. पुढच्या गाड्या थांबवणे हा सर्वात परिणामकारक उपाय. काम चालू असेपर्यंतच त्याला धार असते. साइटवरचा शेवटचा स्लॅब पडला की ती जाते.